वजनवाल्या बाई

माझं अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली, त्याची माफी असावी. पण वजनवाल्या बाईंबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नव्वद-एक्याण्णव साल असेल. सिल्वासात कारखाने भराभर उभे राहत होते. माझा नवरा खडोलीला सुताच्या कंपनीत हेल्पर आणि मी मॅनेजरसाहेबांच्या घरी स्वयंपाकाला. बाई नाशिकच्या. रोज चहाच्याही आधी त्या वजनकाट्यावर उभ्या राहायच्या. बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं काढून माझ्या ओंजळीत द्यायच्या. "धर गं सुमन, तेवढेच चार तोळे कमी."

एकदा पाहुण्यांसमोर साहेब म्हणाले, "हिला पार्टीला न्यायचं तर टेम्पो करावा लागेल." सगळे हसले, बाईही हसल्या. त्यानंतर साहेब पार्ट्यांना एकटेच जाऊ लागले. "दिवाळीच्या पार्टीत मी यांच्या शेजारी उभी राहणार, बघशील तू," बाई मला म्हणाल्या.

मग मध-लिंबाचं पाणी झालं. कोबीचं सूप झालं, आठवडाभर पडद्यांनाही कोबीचा वास. वापीहून चरबी उतरवायचा विजेचा पट्टा आला, तो पोटाला बांधून टेबलाला टेकल्या की बाईंसकट टेबल थरथरायचं. भर उन्हाळ्यात अंगाला प्लास्टिक गुंडाळून त्या गच्चीवर फेऱ्या मारायच्या. एकदा मलाच विचारलं, "तू काय खातेस गं, अशी काडी राहायला?"

"सकाळी भाकर-ठेचा. दुपारी नुसता चहा."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि आठ दिवस तसंच खाल्लं. माझी महिनाअखेर होती, हे मला सांगता आलं नाही.

शेवटी भूक मारायच्या गोळ्या आल्या. पट्ट्याच्या खर्चावरून साहेब भडकले होते, त्यांच्याकडे मागायची सोय नव्हती. घरावर पत्रा टाकायला मी साठवलेले तीनशे रुपये बाईंनी उसने घेतले. घरखर्चातून वाचवून महिन्याला चाळीस परत द्यायच्या. "साहेबांना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला." काटा खरंच उतरू लागला. बांगड्या ओढाव्या लागत नव्हत्या, आपोआप गळायच्या.

"छातीत धडधडतं गं. झोपच नाही."

"मग सोडा की बाई त्या गोळ्या."

"दिवाळी होऊ दे."

दिवाळीला दोन दिवस होते. सकाळी बाई काट्यावरच कोसळल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध चालू होतं का?"

"नाही," साहेब म्हणाले.

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. दागिने अजून माझ्या मुठीत होते. शपथ आठवली, तोंड उघडलं नाही. संध्याकाळी बाई गेल्या.

तेराव्यानंतर साहेबांनी बोलावलं. हातात बाईंची वही होती. "सुमनचे साठ बाकी, असं लिहिलंय. कशाचे?"

"गोळ्यांचे," मी म्हणाले. "भूक मारायच्या."

साहेबांनी वही मिटली. मग साठ रुपये मोजून टेबलावर ठेवले.

"फिटले ना सगळे?"

"फिटले," मी म्हटलं.