पेंढ्यात बांधलेली गाडी

मुरबाडच्या त्या सुताराचं नाव मी कधी विचारलंच नाही. एका शेठची जुनी स्पोर्ट्स कार मी बोटीने विलायतेला पाठवत होतो. तिची लाकडी पेटी त्याने केली. ठोकण्याआधी प्रत्येक फळीवरून तो तळहात फिरवी.

"आत पेंढा भरू ना, सायब? आमी आंबं असंच धाडतो."

परदेशात पेंढा चालतो का, हे विचारून घेणं माझं काम होतं. मी "भर" म्हणालो.

पेंढ्यातून कीड येईल म्हणून तिथल्या बंदराने पेटी उतरवूच दिली नाही. गाडी खाऱ्या हवेत गंजून परत आली. शेठसमोर मी सुताराकडे बोट दाखवलं.

तो मलाच म्हणाला, "पेंढ्यात काय खोट व्हती, सायब? यंदाचाच व्हता, आमच्या खाचरातला."

त्याला पुन्हा कुणी पेटीचं काम दिलं नाही. परवा तो गेल्याचं कळलं. पेंढ्यात खोट नव्हती, एवढंही मी त्याला सांगितलं नाही.