बाबांच्या चपलांचा पत्ता

खोबरेल तेल आणि जुनं चामडं यांचा मिळून एक वास होतो. उन्हात तापलेल्या शेंगदाण्यांसारखा, किंचित गोड, किंचित कुबट. फेब्रुवारीतल्या रविवारी दुपारी, इथलं ऊन खिडकीच्या चौकटीशी येऊन आत शिरावं की नाही अशा संकोचात उभं असताना, मी फुकट मिळणारं वर्तमानपत्र जमिनीवर पसरून बाबांच्या कोल्हापुरी चपलांना तेल लावत बसायचे. त्या चपला कोणीच घालत नव्हतं. पण या ओल्या देशात चामड्याला आठवड्याभरात पांढरी बुरशी धरते, आणि बुरशी आलेली चप्पल पाहून कोणाला वाटेल की आत पुरुष राहतो?

कारण त्या होत्याच त्यासाठी. युट्रेख्ट या डच शहरापासून तीन स्टेशनं अलीकडे, एका छोट्या गावात, दुसऱ्या मजल्यावरचं हे एका खोलीचं घर मिळालं तेव्हा मी आईला फोनवरून सगळं फिरवून दाखवलं होतं. तिने ना खिडकी पाहिली, ना खिडकीतून दिसणारा कालवा. "दाराबाहेर काय आहे ते दाखव," म्हणाली. दाराबाहेर जिना होता, आणि पलीकडे माळ्यावर सगळ्यांसाठी कपडे वाळत घालायची जागा. "म्हणजे कोणीही वर येणार. दारात पुरुषाच्या चपला दिसू देत गं." मागून बाबांचा आवाज आला, "घ्या! पोरगी लहानपणापासून स्त्रीमुक्तीची पत्रकं वाटते आणि हिच्या दारावर पहारा माझ्या चपलांचा!" मीही आईशी कडाडून भांडले. महिन्याने लोणच्याच्या बरणीसोबत चपला आल्या. त्या मी दाराबाहेर ठेवल्या, हे मी आजवर कोणत्याही सभेत सांगितलेलं नाही. त्याच आठवड्यात एक अनोळखी माणूस चुकून वर आला होता आणि त्याने माझ्या दाराची मूठ दोनदा फिरवून पाहिली होती. चुकूनच असेल.

संशय मला घरातूनच मिळाला. इचलकरंजीत बाबांचं छोटं छापखान्याचं दुकान होतं, आणि यंत्रमागावरच्या कामगारांची पत्रकं तिथेच जुळायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ओल्या शाईच्या प्रुफांवरून. कोणताही कागद हातात आला, मग तो सरकारी असो की लग्नाची पत्रिका, बाबा आधी विचारत, "हे कोणाच्या फायद्याचं आहे?" तो प्रश्न माझ्यात इतका खोल रुजला की दया, दान, सवलत असे मऊ शब्द ऐकले की माझे कान आपोआप टवकारतात.

मी वाखनिंगनच्या कृषी विद्यापीठात शिकले. आता बियाणांच्या प्रयोगशाळेत आठवड्याचे तीन दिवस काम करते. चौथा दिवस मिळेल असं गेली दीड वर्षं ऐकते आहे. शिकताना सात जणांच्या घरात राहिले. एक स्वयंपाकघर, एक संडास आणि फ्रिजमध्ये नावं लिहिलेली अंडी. स्वतःचं दार, स्वतःची चूल, स्वतःचा नळ असलेलं घर खाजगी बाजारात घ्यायचं तर माझ्या पगाराचा मोठा भाग पहिल्या तारखेलाच नाहीसा होतो. त्यावर इथे उपाय आहे: हूरतूस्लाख, म्हणजे घरभाड्याचा भत्ता. तो तीन गोष्टींवर ठरतो. भाडं किती, कमाई किती, आणि त्या दारामागे माणसं किती. भत्ता येतो तेव्हा कृतज्ञता वाटायला हवी. मला मात्र दर महिन्याला वाटतं, की सरकार मदत मला करतं आहे की माझ्या हातून घरमालकाला? मालक म्हणजे एक कंपनी, आणि कंपनी म्हणजे एक ईमेल. पैसा माझ्या खात्यात जेमतेम टेकतो, एखाद्या बगळ्याने कालव्यातल्या खांबावर क्षणभर पाय टेकावा तसा, आणि उडून जातो. तरी तो नसेल तर मला हे दार सोडावं लागेल, पुन्हा नावं लिहिलेल्या अंड्यांकडे जावं लागेल, हेही तितकंच खरं.

जानेवारीच्या अखेरीस खेमेंटेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं पत्र आलं. या पत्त्यावर नोंदीपेक्षा अधिक व्यक्ती राहत असाव्यात असं मानण्यास जागा आहे, तपासणीसाठी घरभेट होईल, आणि निष्कर्षाचा परिणाम भत्त्यावर होऊ शकेल. पत्राची भाषा इतकी सौम्य होती की मला घाम फुटला.

कोणी कळवलं असेल? मी रांगेने सगळ्यांना उभं केलं. मालकाची कंपनी असेल. मला काढून अधिक भाड्याने घर द्यायचं असेल. आइंडहोवनची सायली असेल. कॉलेजातली मैत्रीण, नवरा चिपच्या यंत्रांच्या कारखान्यात, स्वतःचं घर, आणि मी भत्ता घेते हे माहीत असलेली एकमेव मराठी व्यक्ती. "ग्रुपवर बोलू नकोस हं हे," ती म्हणाली होती, "आपल्यात कोणी घेत नाही." आणि तिसऱ्या म्हणजे माझ्या खालच्या मजल्यावरच्या ट्रूसबाई. ऐंशीच्या आसपासच्या, एकट्या, दिवसभर पडदे उघडे टाकून खिडकीत बसलेल्या. कपडे वाळत घालायला माझ्या दारावरून जात, तेव्हा त्यांची पावलं क्षणभर थांबलेली मला आतून ऐकू यायची. केक केला की माझ्या दाराशी ठेवून जात, आणि नेहमी दोन तुकडे, कागदात वेगवेगळे गुंडाळलेले. मी ते दोन्ही खात असे. आता ते तुकडेही मला आमिषासारखे दिसू लागले. जिन्यात भेटल्यावर मी नमस्कारापुरती मान हलवायचे, तेही बंद केलं.

घरभेटीला दोघं आले, एक बाई आणि एक तरुण गृहस्थ. ओल्या लोकरीचा वास त्यांच्यासोबत जिना चढून आला. बाई आत येण्याआधी दारातच थांबल्या. "या कोणाच्या?"

"माझ्या वडिलांच्या."

"ते इथे राहतात?"

"नाही, भारतात."

"मग त्यांच्या चपला इथे का?"

प्रश्न साधा होता. पण खरं उत्तर द्यायचं तर कबूल करावं लागलं असतं की मी घाबरते. तरुणाने वाकून पेनाने एक चप्पल उलटी केली. चामडं कालच्या तेलाने चमकत होतं. "वापरातल्या दिसतात," तो म्हणाला, आणि माझी महिन्यामहिन्याची निगा एका वाक्यात माझ्याविरुद्धचा पुरावा झाली.

त्यांनी परवानगी विचारून न्हाणीघर पाहिलं, कपाट पाहिलं. एक टूथब्रश, एक उशी, एक ताट. एकटेपणा सिद्ध करताना माणसाला लाज वाटते, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी चिडून मी बाबांना फोन लावला. इचलकरंजीत संध्याकाळ झाली होती. सगळा प्रकार ऐकून बाबांनी कॅमेऱ्यासमोर पाय उचलला. "बघा म्हणावं! रबरी स्लीपर! गेली दोन वर्षं माझ्या चपला युरोपात आणि मी इथे स्लीपरवर!" मागून आई ओरडली, "अहो, पाय काय दाखवता सायबांना!" बाई हसल्या. तरुणाने हसू दाबत काहीतरी लिहून घेतलं. मग बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आम्हाला लेखी खुलासा लागेल. चपलांचा."

ते गेल्यावर मी थेट खाली उतरले. प्रत्येक पायरीगणिक मनात वाक्यं जुळत होती, धारदार, ठळक टायपातली. गरिबाने गरिबावर पाळत ठेवावी अशी ही व्यवस्था, आणि तुम्ही तिच्या खिडकीत बसलेल्या पहारेकरी! ट्रूसबाईंनी दार उघडलं आणि माझं तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आले होते ना? मागे मलाही विचारलं त्यांनी. मी चांगलंच सांगितलं हो. म्हटलं, वरचे गृहस्थ फार सज्जन आहेत. कधी आवाज नाही, दार आपटणं नाही."

"कोण गृहस्थ?"

"तुमचे. त्या सुंदर चपलांचे."

त्यांच्या दाराआड एक लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांनी माझी नजर पाहिली. "पूर्वी संध्याकाळी ही दाराला लावायची मी," त्या म्हणाल्या. "नवरा गेल्यापासून. वर ते राहायला आल्यावर सोडून दिलं. घरात एक पुरुष असला की बरं असतं, नाही का?"

मी सांगितलं. वर कोणी नाही, कधीच नव्हतं. दोन हिवाळे केकचा दुसरा तुकडाही मीच खाल्ला. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. जिन्यातल्या काचेतून येणारा करडा उजेड त्यांच्या पांढऱ्या केसांवर थांबला होता.

"मग मी इतके दिवस कोणाच्या भरवशावर झोपत होते?"

मीही त्याच कोणाच्या तरी भरवशावर झोपत होते. मी नुसतंच म्हटलं, चपला हव्या तर तुम्ही ठेवा. त्या लगेच मागे सरकल्या. "नको बाई. मलाही भत्ता मिळतो. मग मला विचारतील." तेव्हा उमगलं, की ज्या घराला मदतीची गरज आहे त्या घराच्या दारात एकच जोड शोभतो. भीती वाटली तरी नियमाने एकटीलाच वाटली पाहिजे.

खुलासा लिहायला मला दोन दिवस लागले. आधीच्या खर्ड्यात व्यवस्था होती, मालकवर्ग होता, उद्गारचिन्हं होती. बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "झकास आहे. पण यात चपला कुठेत?" शेवटी मी चारच ओळी लिहिल्या. मी एकटी राहते. मला भीती वाटते. वडिलांच्या चपला दारात असल्या की कमी वाटते. म्हणून त्यांना तेल लावते. आयुष्यात लिहिलेलं हे माझं पहिलं पत्रक, ज्यात कोणावरही आरोप नव्हता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. नोंदीत बदल नाही. भत्ता चालू राहील. तूर्त, असा एक शब्द त्यात होता, आणि मी अर्थातच त्याच शब्दावर अडले. दार राहिलं होतं. पुन्हा प्रश्न नकोत म्हणून मी चपला आत घेतल्या. त्या संध्याकाळी, सहाच्या सुमारास, पाण्यात भिजलेल्या उजेडात कालव्यावरची बदकं शांत होत असताना, खालून लाकूड फरशीवर ओढल्याचा आवाज आला. खुर्ची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी तो यायच्या आधीच कान देऊन बसले होते.

रविवारी मी चपलांना तेल लावलं आणि त्या घेऊन अगदी खाली गेले. पत्रपेट्यांखाली, जिथली फरशी कोणत्याच क्रमांकाच्या घराची नाही, तिथे ठेवल्या. टाचा भिंतीकडे, अंगठे रस्त्याकडे; जणू कोणी आत्ता बाहेर पडणार आहे. जिन्यात वस्तू ठेवू नयेत अशी कंपनीची पाटी बरोबर त्यांच्या वर आहे. रोज जाता-येता मी पाहते. अजून कोणी उचललेल्या नाहीत.

काल कामावरून परत आले तर त्या वळवलेल्या होत्या. अंगठे जिन्याकडे, जोड नीट जुळवून, जसं घरी आलेलं माणूस काढून ठेवतं. साफसफाईला येणाऱ्याने केलं असेल, टपालवाल्याचा पाय लागला असेल, कंपनीचा कोणी फोटो काढून गेला असेल. मी वर गेले, दिवा लावला, आणि सहा वाजून गेले तरी खालून काही ऐकू आलं नाही. चपला कोणी वळवल्या, हे मी अजून कोणालाही विचारलेलं नाही.