शेपटीपुरता बिबट्या

आमच्या ह्यांना बिबट्या बघायचा होता, आणि डोळे जायच्या आत बघायचा होता. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही केनियाला गेलो. लोक विचारतात, सिंह बघितले का, हत्ती बघितले का. बघितले ना, सगळं बघितलं.

खरं तर बिबट्यासाठी एवढं लांब जायची गरज नव्हती. हे चाकणला ज्या कंपनीत क्वालिटीत होते, तिच्या मागच्या भिंतीला लागून ऊस होता. तिथला बिबट्या वॉचमनला दिसला, कँटीनवाल्याला दिसला, माल घेऊन आलेल्या परगावच्या ट्रक ड्रायव्हरलासुद्धा दिसला. "साहेब, आत्ता गेला बघा," म्हणून कुणीतरी बोलवायचं आणि हे पोचेपर्यंत नुसता ऊस हलत असायचा. घरी आल्यावर मी विचारायच्या आधीच सांगायचे, "आज पण ऊसच." मी म्हणायची, "त्यानं तुम्हाला बघितलं असेल ना, मग पुरे तेवढं."

मग काचबिंदू निघाला. हा रोग कडेकडेनं नजर खात येतो आणि ज्याची खातो त्याला पत्ताही लागत नाही. क्वालिटीच्या माणसाचं काम म्हणजे पार्ट हातात घ्यायचा, बघायचा आणि तीनपैकी एक शब्द बोलायचा: ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट. घरीसुद्धा पोळी कच्ची राहिली की ताट सरकवून "रिवर्क" म्हणायचे, आणि मी म्हणायची, "मग उठा आणि लाटा." तर ह्यांनी ओके केलेल्या पार्टला कडेला चीर निघाली, पोरासोरांनाही दिसेल अशी. ह्यांना ती कडच दिसली नव्हती. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, पण तीही किती टिकेल सांगता येत नाही. मी "बरं" म्हटलं. खाली येऊन मेडिकलमधून थेंब घेतले, कोपऱ्यावरून मेथीची जुडी घेतली. मला काही वाटलं नाही. उद्या वाटेल म्हणून मी वाट बघितली, दुसऱ्या दिवशीही काही नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं झालं होतं. गाल आहे हे कळतं, पण तो आपला वाटत नाही.

मुलगी हिंजवडीत नोकरी करते, मारुंजीला राहते. तिनं परस्पर सहल ठरवली आणि बाबांसाठी लांब लेन्सचा कॅमेरा आणला. "अगं, ह्यांना दिसत नाही आणि तू कॅमेरा कसला आणतेस?" मी म्हटलं. तर हे म्हणाले, "उलट बरंय की. मला आता भोकातूनच दिसतं, आणि कॅमेऱ्यालाही भोकच असतंय." ती हसली. मी कपड्यांच्या घड्या करत होते, तशीच करत राहिले. कॅमेरा टेकवायला उशी लागते म्हणाले, तेव्हा ह्यांच्या कंपनीच्या जुन्या निळ्या पँटची मी लांबट पिशवी शिवून दिली. तिथं गेल्यावर जीपच्या ड्रायव्हरनं तिच्यात राजमा भरून आणला.

मसाई मारात आमच्या जीपमध्ये निगडीचं एक जोडपं होतं. त्या बाईंनी सिंहापुढं बाकरवडीचा पुडा फोडला, सिंहानं ढुंकूनही बघितलं नाही. ड्रायव्हर भला माणूस. आपल्याकडच्या लोकांना फिरवून फिरवून "शेर" आणि "थोडा रुको" एवढं हिंदी शिकला होता. हे जीपच्या उघड्या छतातून उभे राहायचे, पिशवीवर कॅमेरा टेकवायचे, आणि मी शेजारी उभी राहून ह्यांच्या कडा व्हायची. "डावीकडे. अजून. थोडं वर. हां." ह्यांची रीत कंपनीतलीच. प्रत्येक प्राण्याचा फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून. एक झेब्रा काही केल्या पाठ फिरवेना, तर हे अडूनच बसले. "अहो, तो काय पार्ट आहे का, कुणीतरी फिरवून द्यायला?" मी म्हटलं. निगडीचे गृहस्थ हसून हसून खाली बसले.

गवतातून हजारो जनावरं चालली होती आणि लोक श्वास रोखून बघत होते. मी ह्यांचा खांदा बघत होते. तो कुठल्या बाजूला झुकतोय, किती झुकतोय, हेच. परत येताना कुणी विचारलं असतं, आभाळ कसं होतं, तर मला सांगता आलं नसतं.

बिबट्या शेवटच्या दिवशी दिसला. ड्रायव्हरच्या वायरलेसवर काहीतरी खरखर झाली आणि त्यानं जीप अशी पळवली की राजम्याची पिशवी माझ्या पायावर पडली. एक मोठं झाड होतं, आडव्या फांदीचं. "भाऊ, तिथं, फांदीवर," निगडीचे गृहस्थ कुजबुजले. मी ह्यांचे दोन्ही खांदे धरून वळवले. हे आपले फोटो काढत राहिले. आमच्या अंगावर ऊन आलं तरी काढत राहिले. मग कॅमेरा खाली घेतला.

"दिसला?" मी विचारलं.

"व्हय," हे म्हणाले, "दिसला." मावळातली भाषा ह्यांच्या तोंडी नोकरीतही टिकली.

घरी आल्यावर राहिलेली नजरही विरत गेली. दिवाळीत आकाशकंदील लावला तो ह्यांना नुसता उजेड म्हणून कळला. मग आमचा एक परिपाठ पडला. संध्याकाळी चहा झाला की मी टीव्हीवर फोटो लावायचे, हे सोफ्यावर बसून ऐकायचे. निळ्या पिशवीतला राजमा तिथंच ड्रायव्हरला दिला होता. घरी तिच्यात तांदूळ भरून घेतले, हाताला चाळा म्हणून ती मांडीवर असायची.

"काय आहे?"

"हत्ती. आई आणि पिल्लू."

"ओके की रिजेक्ट?"

"ओके."

समोर टीव्हीवर हत्तीला डोकं नसायचं. जिराफाचे नुसते पाय. गवताची पात न् पात स्वच्छ, आणि तिच्यामागं सिंह म्हणजे पिवळा डाग. ह्यांची दया येऊन मी ओके म्हणत होते असं मुलीला वाटलं. तिनं मला मिठी मारली. दया कसली आलीय. ओके म्हटलं की पुढचा फोटो लावता येतो, पुढचा लावला की संध्याकाळ संपते, आणि मग कुकर लावायचा. मी दिवस ढकलत होते.

एका संध्याकाळी मी असंच ओके, ओके करत चालले होते. हे म्हणाले, "थांब."

मी थांबले.

"चाकणला असा लॉट आला असता ना, एकही रिजेक्ट नसलेला," हे म्हणाले, "तर मी माल तपासलाच नसता. तपासणाऱ्याला तपासला असता." आवाज चढलेला नव्हता. "बिबट्याचा लाव. आणि खरं सांग. मला आता दुसरं कुणी सांगणारं न्हाई."

मी लावला. एका कडेला फांदी होती, मागं आभाळ, आणि वरून लोंबणारी एक शेपूट. पुढचा लावला, तोही तसाच. सगळे तसेच. मी त्यांचे खांदे वळवले होते, पण कमीच वळवले होते.

"शेपूट आहे," मी म्हटलं. "बाकी बिबट्या बाहेर राहिलाय. रिजेक्ट."

हे पिशवीवरून अंगठा फिरवत राहिले. "मला तेव्हा पण न्हाई दिसला," म्हणाले. "तू एवढी खांदे धरून उभी होतीस, म्हणून व्हय म्हटलं."

मी उठले. त्यांच्या मांडीवरची पिशवी घेतली आणि सोफ्याच्या हातावर आडवी टाकली. त्यांचा हात धरून तिच्यावर ठेवला. "ही फांदी. हा असा पालथा पडला होता. हे पाय दोन्हीकडून सोडलेले, ढिले. डोकं इथं, फांदीवर हनुवटी टेकून. डोळे अर्धे मिटलेले. एक कान मात्र जागा होता, आपल्याकडे वळायचा. उजव्या पायावर जुनी जखम होती, तिथं केस उगवले नव्हते. पोट हलत होतं. भरलेलं पोट होतं, हळूहळू वरखाली होत होतं."

मी बोलत होते आणि मलाच नवल वाटत होतं. मी बघितलं होतं तर. त्यांचे खांदे धरून उभी असताना मी सगळं बघितलं होतं.

हे अंगठ्यानं पिशवीची कड चाचपत पार टोकापर्यंत गेले, पार्टची कड तपासायचे तसे. पोटापाशी थांबले. तिथं तळवा ठेवला.

"आता दिसला," म्हणाले.

डॉक्टरांकडून आल्यापासून न आलेलं रडू मला तेव्हा आलं. ह्यांना कळू नये म्हणून मी तोंडाला पदर लावला.

"पहिल्यापासून लाव," हे म्हणाले. "मागचे सगळे परत तपासू."