विष बाहेर पडतंय

नव्वदीच्या दशकात मी कोपरगावच्या एका दवाखान्यात नर्स होते. एकदा ड्यूटी संपवून एस.टी.नं पुणतांब्याला घरी निघाले, तेव्हा शेजारी एक बाई होती आणि खिडकीशी तिचा नवरा. ती पदरानं सारखा त्याचा घाम टिपत होती. त्याचे डोळे पिवळेजर्द झाले होते.

माझी पांढरी साडी बघून ती हळूच म्हणाली, "एड्स हाय, सिस्टर. वैदूच्या काढ्यानं विष बाहेर पडतंय."

"ही कावीळ आहे, बाई. या आजारात टीबीही होतो, त्याच्या गोळ्यांनीही कावीळ होते. तशा गोळ्या चालू आहेत का?"

"वैदूनं बंद करायला लावल्या."

"काढा आधी थांबवा. त्यानंच लिव्हर बिघडलं असेल. उद्या दवाखान्यात आणा यांना."

"तितं यांना कुनी हात लावत न्हाई," ती म्हणाली. "वैदू मांडीवर डोकं घेऊन पाजतो."

ते खोटं नव्हतं. आमच्याकडेही अशा पेशंटचं ताट लांबूनच सरकवलं जायचं.

पुणतांब्याला उतरल्यावर तिनं नवऱ्याला स्टँडच्या कट्ट्यावर बसवलं, काढा पाजला आणि उरलेला स्वतः प्यायली.

"अहो, तुम्ही कशाला?"

"मलाबी लागलाय की त्यो रोग," ती म्हणाली.