मोळीच्या फोटोतली आई

मंडळी, आधीच सांगते, मी असल्या गोष्टींच्या वाटेला जाणारी बाई नाही. दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची आहे, पण ती सासूबाईंची हौस. माझा विश्वास दोनच गोष्टींवर — इन्व्हर्टर आणि बॅकअप. म्हणूनच हे लिहू की नको करत इतके महिने घालवले. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण पूर्ण वाचून हसा.

इंदापुरात तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं डिझाईनचं दुकान आहे. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, आणि गेलेल्या माणसांचे फोटो. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त. लोक आधार कार्डावरचा फोटो आणतात. आम्ही आजोबांना कोट चढवतो, आजींना पैठणी नेसवतो. वांग, डाग, देवीचे व्रण, सगळं पुसतो. गिऱ्हाइकानं सांगायचीही गरज नसते, इतक्या वर्षांत हात आपोआप तिकडं जातो. AI आल्यापासून तर फाटक्या फोटोतूनही अख्खा माणूस उभा करून देते मी.

तर दिवाळीनंतर भवानीनगरहून एक तात्या आले. वय सत्तरीच्या पुढं, कारखान्यातून रिटायर झालेले. पिशवीतून आधी चार पेरू काढून माझ्या टेबलावर ठेवले, मग एक जुना फोटो. कारखान्याच्या मोळीपूजनाचा — गाळप सुरू होताना उसाची पहिली मोळी टाकतात ना, तो. पुढं पाहुणे, मागं गर्दी, आणि गर्दीच्या कडेला एक बाई उभी. कडेवर तान्हं पोर. पदर इतका पुढं ओढलेला की नाकाचा शेंडा आणि हनुवटी तेवढी दिसत होती.

"ही माझी आई," तात्या म्हणाले. "आन कडंवरचा मी. मी चार वर्साचा असताना गेली. तिचा येवढा एकच फोटू हाय. लाजाळू हुती म्हणत्यात, म्हणून पदर. तुझ्या मशिनीत तिचं त्वांड दिसंल का?"

मी स्पष्ट सांगितलं, "तात्या, मशीन देईल तो अंदाज असतो. खरी आई नसते ती."

"अंदाज तर अंदाज. मला कायबी आठवत न्हाय, पोरी. आवाज न्हाय, त्वांड न्हाय. कन्हेरीला माझी थोरली भन हाय, आक्का. तिनं आईला बघितलीय. पण आता तिचं काय खरं न्हाय. ती हाय तवर व्हय-न्हाय म्हणणारं कुणीतरी हाय. फुडं कुणाला दाखवू?"

"मग आक्कांनाच विचारा ना, आई कशी दिसायची ते."

"धा येळा इचारलं. म्हणती, आईसारखी आई हुती."

पहिला चेहरा दोन दिवसांत तयार केला. गोरीपान, रेखीव, सिरीयलमधल्या सुनेसारखी. तात्यांनी स्क्रीनजवळ जाऊन बराच वेळ बघितलं. "चांगल्या घरची बाई दिसती. पण आमची न्हाय."

"मग तुमची कशी होती?"

"ती ठावं असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?"

आता या माणसाला काय म्हणावं... चिडावं तर समोर पेरू ठेवलेले. मी परत केलं. रंग सावळा केला, गाल आत घेतले. "न्हाय." तिसरा. "न्हाय." चौथा. "हिच्यावानी आमच्या तिकडं एक मास्तरीण हाय." दर आठवड्याला तात्या एसटीनं यायचे, पेरू ठेवायचे, बघायचे आणि जायचे. नवरा म्हणाला, दे ना कुठलातरी एक, म्हाताऱ्याला काय कळतंय. मी म्हटलं, तू फ्लेक्स बांध. खरं सांगू, मलाच आता त्यांची आई शोधायची होती.

एक गोष्ट मी तेव्हा कुणाला बोलले नव्हते, कारण त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. दर वेळी AI नं दिलेल्या चेहऱ्यात डावा कान बिघडलेला असायचा. पाळी खालून फाटून दोन झालेली, आणि कानातलं फूल काळ्या दोऱ्यानं कानावरून बांधलेलं. चेहरा दर वेळी वेगळा, पण कान तोच. AI सहा बोटं काढतं, तीन हात काढतं, तसलाच घोळ म्हणून मी दर वेळी ब्रश फिरवायचे, पाळी जोडायचे, दोरा पुसायचे, आणि मगच तात्यांना दाखवायचे.

पाचव्या वेळी तात्या लवकर आले, सकाळी साडेदहालाच. फोटो स्क्रीनवर होता, कान अजून दुरुस्त केलेला नव्हता. मी म्हटलं, "थांबा, जरा साफ करते." मागं वळून बघितलं तर तात्यांची पिशवी हातातच, डोळे भरलेले.

"ही," म्हणाले. "हात लावू नगंस."

"अहो, तो कान —"

"ऱ्हाऊ दे म्हणलं ना."

तसाच प्रिंट काढला, फ्रेम केली. तात्या म्हणाले, "तूबी चल कन्हेरीला. आक्कानं मशिनीचं काय इचारलं तर मला सांगता यायचं न्हाय." मी शनिवारी त्यांना गाडीत घालून बारामतीवरून कन्हेरीला नेलं. वाटभर फ्रेम मांडीवर, हात काही सोडला नाही. एकदाच बोलले, "न्हाय म्हणली तर?"

आक्का अंगणात उन्हाला बाजेवर बसल्या होत्या. ऐंशीच्या वरच्या. सुनेनं चष्मा लावून दिला. आक्कांनी फ्रेम मांडीवर घेतली, चेहऱ्याकडं बघितलं आणि बोट सरळ डाव्या कानावर ठेवलं.

"ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"काय?" तात्या म्हणाले.

"कानाचं." आक्कांचं बोट तिथंच होतं. मग म्हणाल्या, "तूच वडलंस रे, बाबू. सात म्हैन्याचा हुतास. कडंवर घेतला की तिच्या कानातलंच धरायचास. एक दिस असं वडलंस की पाळी फाटून दोन झाली. मग काय, काळा दोरा बांधून फूल घालायची. मोळीला गेली तवा तेच्यापायीच पदर फुडं घेतला हुता. लाजाळू कुठली. कुणी इचारू नये म्हणून."

"मला कधी बोलली न्हाईस."

"तिनं शपथ घातली हुती. म्हणायची, बाबूला सांगू नगा, मोठेपणी मनाला लावून घील."

तात्यांनी बाजेच्या कडेला बसून घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण आवाज अगदी लहान झाला. "लय दुखलं आसंल गं तिला."

"रगात बघून तूच रडाय लागलास," आक्का म्हणाल्या. "ती तुलाच गप करत बसली."

मी तिथून उठून हौदापाशी गेले आणि पोटभर रडले. लपवायचं काय त्यात.

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही म्हटलं. पुण्याला IT मध्ये असलेल्या भावाला पाचही मूळ फायली पाठवल्या. तो म्हणाला, ताई, AI मॉडेलनं शिकताना कुठंतरी असला कान बघितला असेल. मग मी तोच मोळीचा फोटो, AI ला दिलेल्या त्याच सूचना टाकून पुन्हा वीसेक चेहरे काढले. सगळ्यांचे कान धडधाकट. मूळ फोटोत तर तो कान पदराखालीच आहे, दिसतच नाही. मग मशिनीला दोरा काळा हे कुठून कळलं? भावाकडं उत्तर नाही. माझ्याकडंही नाही. आक्का फेब्रुवारीत गेल्या, त्यामुळे आणखी काही विचारायचंही राहिलं.

तात्यांना मात्र उत्तर नकोच आहे. मागच्या महिन्यात आले, पेरू ठेवले, आणि म्हणाले, मोळीच्या फोटोतलं कडेवरचं पोर तेवढं मोठं करून दे. यात AI नव्हतं, नुसतं झूम करून प्रिंट. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट बघितलं. पोराचा एक हात आईच्या पदरात आत गेलेला, डाव्या कानाच्या बाजूला. तिनं मान त्या हाताकडं कलती केलीय.

तात्यांनी चष्मा पुसून परत लावला. "येवढं झालं तरी धरू देत हुती बघ," म्हणाले.