हापशीवाल्या खुशालचा दरवाजा

खुशाल शेंडे पंचायत समितीत हापशी दुरुस्तीच्या कामावर होता. धानोऱ्याच्या पलीकडची तीस-पस्तीस गावं त्याच्याकडे. सायकलच्या कॅरियरला पाने, साखळी आणि चामड्याच्या वायसरांची, म्हणजे वॉशरांची, पिशवी बांधलेली असायची. कुठल्याही गावची हापशी कोरडी ओढायला लागली की खुशालला निरोप जायचा. बोलणं कमी आणि घाई नाही, असा माणूस. हापशीचा दांडा दोनदा वरखाली करून तो सांगायचा, "वायसर गेलं," किंवा "पाइप फुटला." ते बहुतेक खरंच निघायचं.

मी त्याच भागातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. माहेर भंडाऱ्याकडचं. १९८२ साली मी तिथं रुजू झाले आणि सात वर्षं राहिले. गावाचं नाव सांगत नाही. जे झालं त्यात माझाही हात आहे, आणि गावाचा काही दोष नाही.

१९८४च्या श्रावणात खुशालची बायको वच्छला तलावाच्या पाळीवर घसरली. डोक्यावर गवताचा भारा होता. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी तिला बायकांच्या वॉर्डात दाराजवळच्या खाटेवर ठेवलं, दोरीला वाळूची पिशवी लटकवून पाय ताणून बांधला. निदान सहा आठवडे असंच पडून राहायचं, असं सांगितलं. आठ वर्षांचा संसार, मूल नाही. खुशाल रोज काम आटोपून यायचा आणि खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसायचा.

वॉर्डाला जाळीचा दरवाजा होता. आमच्या भागात हिवतापानं माणसं मरायची, म्हणून इमारत बांधताना खिडक्यांना आणि दाराला जाळी लावली होती. दार उघडं राहू नये म्हणून चौकटीत एक लांब स्प्रिंग ताणून बसवली होती. ती दार ओढायची ते असं, की चौकटीवर आपटून भिंत हादरायची. दिवसभर माणसं आत-बाहेर. प्रत्येक आवाजाला वच्छला दचकायची, आणि दचकली की ताणलेल्या पायात कळ जायची.

चौथ्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, थ्या दरवाज्याले काई लावा ना. जीव जाते माह्या."

खुशालनं बाहेरून एक वीट आणली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ठेवू का सिस्टरबाई?"

जाळीचं दार उघडं ठेवायचं नाही, हा नियम मला माहीत होता. पण सकाळपासून वच्छलाचं कण्हणं ऐकत होते. मी म्हटलं, "ठेवा."

त्या दिवसापासून दार उघडं राहिलं. वच्छलाला झोप लागायला लागली. चौदाव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला. दोन दिवसांत ताप मेंदूत गेला. क्विनाइन दिलं, सलाइन लावलं, डॉक्टर खाटेजवळून हलले नाहीत. ती कुणाला ओळखेनाशी झाली. अठराव्या दिवशी दुपारी गेली.

खुशाल रडला नाही. त्यानं पायाची दोरी स्वतः सोडली. वाळूची पिशवी हळूच खाली ठेवली. त्याची आई बायनाबाई मात्र वॉर्डाच्या पायरीवर ऊर बडवत होती. गावच्या बौद्ध मंडळींनी वंदना म्हटली आणि नाल्याकाठी सगळं उरकलं.

महिन्याभरानं खुशाल परत आला आणि वॉर्डाच्या दारासमोर उभा राहिला. वीट अजून तिथंच होती. त्यानं ती पायानं सरकवली, दार उघडलं, सोडलं. धाडकन आपटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. वॉर्डातल्या बायका ओरडल्या तेव्हा थांबला.

"सिस्टरबाई, हा दरवाजा दिवसातून किती वेळा उघडते?"

मला काय माहीत? पण त्यानं असं विचारलं की मी दुसऱ्या दिवशी कागदावर रेघा मारत बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोनशे बारा.

आकडा ऐकून तो म्हणाला, "म्हंजे दोनशे बारा वेळा त्याले कोनी धरून, हळू सोडाले पाह्यजे. मानूस नाई धरू शकत. काईतरी बनवा लागन."

मग पुढची दोन वर्षं त्यानं दुसरं काही केलं असेल तर फक्त नोकरी. आधी त्यानं स्प्रिंग काढून दोरी, कप्पी आणि दगड लावला. दगडही दार ओढतच नेई आणि तसंच आपटे. "स्प्रिंग काय नं गोटा काय, दोघायलेबी ओढनंच समजते," तो म्हणाला. "यायले थांबवनारा कोनी पाह्यजे." म्हणून त्यानं स्प्रिंग परत लावली आणि सायकलचा पंप दाराला जोडला. दार मिटताना पंपातली हवा दाबली जाई. ती दबून दबून शेवटी उसळी घेई आणि दार उलट उघडे. बायका हसायच्या. तो हसायचा नाही.

हापशीवरच त्याला पुढची वाट सापडली. हवा दबते, पाणी दबत नाही. पाण्याला फक्त वाट लागते, आणि वाट जितकी बारीक तितका वेळ. हिवतापवाल्यांच्या फवारणीचे जुने पितळी पंप ब्लॉकच्या आवारात पडले होते, त्यातला एक त्यानं मागून आणला. त्याच्या नळीत दट्ट्या आणि त्यावर हापशीचं चामड्याचं वायसर कापून बसवलं. वायसर वाटीसारखं असतं. दार उघडताना वाटीच्या कडा मिटायच्या आणि तेल बाजूनं निघून जायचं, म्हणून दार हलकं उघडे. मिटताना कडा फुलून नळीला चिकटायच्या, आणि तेलाला एका बारीक बाजूच्या नळीतूनच जावं लागे. त्या नळीत कानशीनं टोक काढलेला स्क्रू. स्क्रू आवळला की दार सावकाश, सैल केला की भरभर.

हे मला आज सांगता येतं, कारण त्यानं ते पन्नास वेळा समजावलं. दुपारी वॉर्ड शांत असला की मी स्टुलावर, तो जमिनीवर, मध्ये नळी उघडलेली. वच्छलाचं नाव आम्ही दोघंही घेत नसू.

तेलानं त्याला फार छळलं. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल पहिल्यांदा घातलं, घरचं होतं म्हणून. पौषात ते तुपासारखं थिजलं आणि दार अर्धं उघडं तसंच उभं. एरंडीचं जाड पडलं. शेवटी एसटीच्या एका ड्रायव्हरनं दिलेलं इंजिनचं ऑइल चाललं; तेही वैशाखात पातळ होई, मग स्क्रू पाव फेरा आवळावा लागे. तेल जमलं तर नवीच अडचण. दार इतकं हळू येई की शेवटची चार बोटं मिटतच नसे, कडी लागत नसे. "मच्छराले चार बोटं लय झाली," खुशाल म्हणाला. महिनाभर विचार करून त्यानं नळीच्या शेवटाकडे दुसरी, मोठी वाट काढली. दट्ट्या तिथवर पोचला की तेल मोकळं सुटे आणि दार शेवटी जरा जोरात येऊन कडीत बसे.

१९८६च्या ऑगस्टमध्ये त्यानं ते पुन्हा दारावर चढवलं. उघडलं, सोडलं. दार निघालं, सावकाश, जणू कुणी हात लावून आणतंय. मी मनात मोजत होते. सातला कडी लागली. आवाज झाला तो फक्त कडीचा, टिक् असा. आमची आया शकुबाई म्हणाली, "अवो बाई, शहाना झाला दरवाजा!" बायका उठून बसल्या. खुशालनं तीस-चाळीस वेळा तेच केलं. त्याच्या तोंडावर आनंद होता असं म्हणवत नाही, पण कपाळाची शीर सैल पडली होती.

त्या पावसाळ्यात दार मिटलेलं राहिलं. महिन्यातून एकदा तो यायचा, तेल पाहायचा, स्क्रू फिरवायचा. मीच त्याच्या डोक्यात भरवलं की हे सगळ्या दवाखान्यांत लागलं पाहिजे. तो नको म्हणत होता. मी कागद लिहिला, डॉक्टरांनी शिफारस दिली. १९८७च्या जानेवारीत आम्ही दोघं एसटीनं गडचिरोलीला बांधकामाच्या ऑफिसात गेलो. नवा जिल्हा, नवी ऑफिसं, भिंतींना अजून चुन्याचा वास. खुशालनं दाखवायला दुसरी नळी बनवली होती. ती दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसला होता.

इंजिनिअर साहेब भला माणूस होता. त्यांनी नळी हातात घेतली, दट्ट्या ओढून पाहिला, कागद पूर्ण वाचला.

"तुम्ही स्वतः डोकं लावलं? कुणी शिकवलं नाही?"

"नाई साहेब. हापशीवरून सुचलं."

"कमाल आहे हो तुमची." साहेबांनी नळी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "पण हे असतं. तयार मिळतं. हे बघा ना."

त्यांनी बोट दाखवलं ते आमच्याच पाठीमागे. ज्या दारातून आम्ही आत आलो, त्याच्या वर एक काळी लोखंडी पेटी आणि दोन हात बसवलेले होते. आम्ही आलो तेव्हा ते दार आपोआप, न वाजता मिटलं होतं आणि आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

खुशाल उठला. साहेबांना विचारून खुर्चीवर चढला आणि पेटीवरून बोट फिरवलं. उतरून दार उघडलं, सोडलं. त्याचे ओठ हलत होते, तो मोजत होता. साहेबांनी कपाटातून कंपनीचं पुस्तक काढलं. त्यात तीच पेटी चिरून दाखवली होती. स्प्रिंग, दट्ट्या, तेल, बारीक वाट, स्क्रू. खुशालला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्र वाचायला त्याला अक्षरं लागली नाहीत. शेवटच्या चार बोटांसाठी वेगळी वाट, तीही होती. तिला वेगळा स्क्रू होता. ते काही त्याला सुचलं नव्हतं.

"हे कवापासून हाय साहेब?"

"इंग्रजांच्या काळापासून. शंभर वर्षं तरी झाली असतील."

"आपल्याकडं भेटते?"

"नागपूरला कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात."

खुशालनं पुस्तक मिटलं आणि टेबलावर सरळ करून ठेवलं.

"मंग आमच्या दवाखान्यात काऊन नव्हतं?"

साहेबांना मागचं काही माहीत नव्हतं. ते सहज म्हणाले, "इमारतीच्या अंदाजपत्रकात साधी स्प्रिंग धरली असेल. खेड्यातल्या वॉर्डाला हे कुणी धरत नाही."

खुशाल बाहेर पडला. नळी टेबलावरच राहिली. मी आणून दिली तर म्हणाला, "राहू द्या." परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. मी काय काय बोलत होते, की तू चार बुकं शिकलेला माणूस, कंपनीच्या इंजिनिअरांना जे सुचलं ते तुला जंगलात सुचलं. मला वाटत होतं मी धीर देतेय. गाव यायच्या सुमाराला तो एवढंच बोलला, "दोन वर्सं म्या समजत होतो, का हे दुनियेतच नाई. म्हनून तिले भेटलं नाई."

त्यानंतर तो वॉर्डात आला नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलच्या उन्हानं तेल पातळ झालं आणि दार पुन्हा आपटायला लागलं. मी स्क्रू फिरवून पाहिला, तर जास्त आवळला गेला आणि दार अडकलं. चामडं सुकून तेल गळू लागलं, खालच्या फरशीवर काळा डाग पडला. मी दोन निरोप पाठवले. मग स्वतः गेले.

बायनाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. खुशाल आत खाटेवर पडला होता. दिवसा पडून राहणारा तो माणूस नव्हता.

मी म्हटलं, "पावसाळा तोंडावर आहे. एकदा येऊन जा."

"मागवा ना नागपूरहून. भेटते म्हंते साहेब."

"लिहिलंय. येईल तेव्हा येईल. तोवर तुझं चालू दे."

तो कूस बदलून पडला. मग मी ते बोलले, जे अडीच वर्षं बोलले नव्हते. "खुशाल, ताप त्या दारानंच आला असं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. पंधरा दिवस आधीचा डासही असू शकतो. तलावावरचा, घरचा. कुणालाच सांगता येणार नाही."

तो उठून बसला. पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"मंग काय होय? दरवाजा नाई, ईट नाई, तुमी नाई, मी नाई, तं कोन होय? काईतरी तं असन ना बाई! उगाच कशी मरन बाईमानूस?"

बायनाबाईनं आत येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकला. मी परत आले.

खुशाल वॉर्डात आला नाही. जूनमध्ये शकुबाईनं ती नळी काढून कोठीत टाकली आणि दार उघडं करून तारेनं भिंतीला बांधून ठेवलं. त्या पावसाळ्यात वॉर्डात दोघी हिवतापानं गेल्या. त्या घरूनच ताप घेऊन आल्या होत्या, हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी दोघींच्या भरती झाल्याच्या तारखा पुन्हा पुन्हा पाहिल्या. पुढच्या वर्षी नागपूरहून तयार पेट्या आल्या, दोनच. एक डॉक्टरांच्या खोलीला लागली आणि एक कारकुनाच्या. मी भांडले. वॉर्डाचं दार लाकडी पट्ट्यांचं, त्याला पेटीचं वजन झेपणार नाही, असं उत्तर मिळालं.

खुशाल हापशीच्या कामावरही अनियमित झाला. लोक तक्रार करायचे की येतो, दांडा धरून उभा राहतो आणि न उघडताच निघून जातो. १९८८च्या दिवाळीनंतर त्यानं काम सोडलं. आईला कुरखेड्याला बहिणीकडे पोचवलं आणि सिरोंचाकडे सागाच्या कटाईवर माणसं नेतात त्यांच्या ट्रकमध्ये बसला, एवढं लोकांनी पाहिलं.

१९८९मध्ये माझी बदली ब्रह्मपुरीला झाली. निघायच्या आठवडाभर आधी बायनाबाई कुरखेड्याहून मला भेटायला आली. वॉर्डाच्या पायरीवर बसली, पाणी प्याली.

"सिस्टरबाई, तुमाले तं लिवता-वाचता येते. तुमाले काई कागद आला का त्याचा?"

"नाही आला."

"मले वाटे तुमाले तं धाडन."

तिनं रिकामा पेला पायरीवर उपडा ठेवला. मग तीनच्या गाडीची वेळ झाली, म्हणून उठली.