पाटीवरची रिकामी जागा

मंठ्याच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल. बाबा निवृत्त शिक्षक, दम्यानं बेजार. वाचनालय घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी वर्षभर ते शिळा पेपर वाचत होते. पेपर दुसऱ्या दिवसापर्यंत वाचनालयातच ठेवायचा नियम, म्हणून मी कालचा पिशवीत घालून न्यायचे. घरी लावू का विचारलं की म्हणायचे, "जन्मभर चार माणसांत पेपर वाचला. एकट्यानं काय वाचायचा?"

त्या चार माणसांत बसणंच त्यांना जमत नव्हतं. पेपरच्या खोलीत सकाळी आमच्या अध्यक्षांची बैठक भरायची आणि टेबलाच्या मधोमध बिडीचं बंडल. आल्या माणसाला आधी बिडी, मग पाणी, ही आमच्याकडची रीत. नको म्हणणाऱ्याचा राग येतो. बाबा शेवटचे आले तेव्हा दारातच खोकत खाली बसले. अध्यक्ष धावले, माणूस वाईट नाही. एका हातानं बाबांची पाठ चोळत "मास्तर, दमानं घ्या" म्हणत होते आणि दुसऱ्या हातात पेटलेली बिडी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वर्षभर मी सांगत राहिले. एक दिवस पुन्हा बोलले, तर अध्यक्ष म्हणाले, "धूर तर खिडकीतून जाऊन राह्यला, मॅडम. आन् समदी वडीलधारी माणसं, कुणाला उठवू?"

त्यांच्या डोक्यावरच 'धूम्रपानास मनाई'ची पाटी होती. शेवटची ओळ, 'तक्रार यांच्याकडे करावी', आणि पुढं कोरी रेघ. कित्येक वर्षं कोरीच.

घरी येऊन मी भांडी आपटली. आमच्या फडताळावर पहिलं पुस्तक संविधानाचं. कायदा नुसता भिंतीला टांगलेला बाबांना खपत नाही. म्हणाले, "रेघ कशाला सोडली असंल? नाव लिहायला. मंग लिही की."

कुणाचं लिहावं? माझं लिहून कोण भीक घालणार! मग आठवलं, आमच्या तालुक्यात माणूस एक वेळ जेवण सोडेल, पाटीवरचं नाव सोडणार नाही. बसस्टॉपवर, बाकावर, एवढंच काय, वाचनालयाच्या पाण्याच्या टाकीवरही अध्यक्षांचं नाव आहे. रविवारी पेंटरला बोलावलं. म्हटलं, "मनाईपेक्षा नाव मोठं काढ. आधी 'माननीय' लाव."

सोमवारी अध्यक्षांनी बंडल काढलं, शेजाऱ्यापुढं धरलं आणि वर बघितलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं. माझी नोकरी त्यांच्या हातात.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. तुमच्याशिवाय लोक ऐकणार कुणाचं?"

तेवढ्यात बिडी ओढणारे एक आजोबा म्हणाले, "अध्यक्ष, मंग तुमची तक्रार कुणाकडं करायची?" सगळे खदखदून हसले. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. बंडल खिशात गेलं. "चला समदे कडुलिंबाखाली. माझ्या नावाखाली हे बिलकुल चालणार न्हाई."

मी कपाटाआड जाऊन अक्षरशः नाचले. एवढा आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता.

पुढं तर ते माझ्यापेक्षा कडक झाले. त्यांचा पुतण्या जालन्याहून आला होता, गळ्यात पेनासारखी ई-सिगारेट. पेपर चाळता चाळता त्यानं ढग सोडला.

"काका, हा धूर न्हाई, वाफ आहे."

"वाफ चहाला पाहिजे. ते यंत्र खिशात घाल आन् जल्दी बाहेर हो. पुतण्या असशील घरी."

मग मी बाबांना म्हटलं, आता या. दुसऱ्या दिवशी ते आले, दारात थांबले, हवा हुंगली आणि खुर्ची ओढून बसले. अध्यक्षांनी त्यांच्यापुढं आधी पाणी ठेवलं.

संध्याकाळी सवयीनं मी पिशवीतून कालचा पेपर काढला. बाबांनी हातसुद्धा लावला नाही.

"तुझा शिळा पेपर आता कोण वाचतंय? आजचा वाचून आलो, अग्रलेखासकट. कापसाच्या भावावरून अध्यक्षांशी भांडून आलो, आन् उद्या पुन्हा भांडणार हाय."

एवढं सगळं ते बोलले, आणि मध्ये एकदाही खोकले नाहीत.